सासूबाई ताप नाकारतात

माझ्या सासूबाईंचा उजवा गुडघा दुखायला लागला म्हणून मला नोकरी मिळाली. घरात कोणासमोर मी हे बोलले की त्या लगेच म्हणतात, "पाहा मंग. माझ्या दुखण्याचा कोणाले तरी फायदा झाला."

झालं असं की त्यांना घेऊन मी नागपूरच्या धरमपेठेत एका हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. केबिनमध्ये डॉक्टरांच्या बाजूला, भिंतीला टेकून, एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. आई बोलायला लागल्या (सासूबाईंना मी आईच म्हणते) की तिची बोटं चालायची, आई श्वास घ्यायला थांबल्या की बोटंही थांबायची. आईंच्या हे लक्षात आलं. त्या मुद्दाम मध्येच थांबून पाहायला लागल्या. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"डॉक्टरसाहेब, हे पोट्टी आपलं बोलणं काहून ऐकून राहिली?"

"आजी, ती माझी लिहिणारी आहे," डॉक्टर हसून म्हणाले. "तुम्ही सांगा, मी ऐकतो, ती लिहिते. मीच लिहायला बसलो तर ऐकणंही अर्धं होते आणि लिहिणंही."

नंतर आईंना आतल्या खोलीत गुडघ्याचे व्यायाम शिकवायला नेलं, तेव्हा ती मुलगी पाणी प्यायला बाहेर आली. मी तिला गाठलं. तिनं सांगितलं की याला मेडिकल स्क्राइब म्हणतात, काही महिन्यांचा कोर्स असतो, तोही इथंच धरमपेठेत. इंग्रजी टायपिंग यायला हवं, आजारांची नावं पाठ व्हायला हवीत, आणि कान चांगले हवेत.

"बस, एवढंच?" मी विचारलं.

"आणि तोंड बंद ठेवता आलं पाहिजे," ती म्हणाली. "ते सगळ्यात कठीण."

मी बी.एस्सी. आहे. लग्नाआधी एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसून रिपोर्ट टाइप करायची. मग लग्न, मग मुलगा, मग मुलाची शाळा. आता तो स्वतःची बॅग स्वतः भरण्याच्या वयाचा झाला होता आणि मी रिकामपणी कपाटं आवरून आवरून कपाटांनाही कंटाळा आणला होता. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं, "अहो, मी एक कोर्स करू का?" त्यांचं कळमन्याच्या बाजारात मिरचीचं अडतीचं दुकान आहे आणि त्यांचा एक कान कायम फोनला असतो. "हाव, करून टाक," ते म्हणाले. ते मला म्हणाले की फोनवरच्या भंडाऱ्याच्या व्यापाऱ्याला, हे मी विचारलं नाही. परवानगी ती परवानगी.

आईंचा आक्षेप मात्र मुद्द्याचा होता. "डॉक्टरले हात नाहीत का वं?"

"आहेत, पण ते तपासायला लागतात."

"मंग कंपाउंडर?"

"तो गोळ्या देतो."

"म्हणजे एकानं पाहाचं, एकानं लिहाचं, एकानं द्याचं. आणि दुखणं मात्र एकाच माणसाले."

मी दुसऱ्या दिवशी जाऊन फी भरून आले.

क्लास एका मिठाईच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. खाली समोसे तळायला घेतले की वर कोणालाच काही सुचायचं नाही. वर्गात सगळी नुकती कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं. पहिल्या दिवशी मी त्यांची 'मॅम' होते, दुसऱ्या दिवशी 'ताई' झाले आणि आठवडा संपायच्या आत 'काकू, चार्जर आहे का?' वर स्थिरावले. माझ्या शेजारी फार्मसी केलेली एक मुलगी बसायची. तिचे कान असे होते की मागच्या बाकावर कोणी चॉकलेटचा कागद उघडला तरी ती मान न वळवता हात मागे करायची.

शिकवायला एक निवृत्त डॉक्टरीणबाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. उंचीनं इतक्या लहान की टेबलामागे बसल्या की फक्त चष्मा आणि अंबाडा दिसायचा. आवाज मात्र जिल्हा परिषदेच्या मैदानावरचा. हायपो म्हणजे कमी आणि हायपर म्हणजे जास्त, हे त्यांनी पहिल्याच दिवशी इतक्या जोरात सांगितलं की खालचा मिठाईवालासुद्धा आता ते चुकणार नाही.

शब्द पाठ होत गेले. स्पेलिंगं आधी शत्रू होती, मग ओळखीची झाली. खरी पंचाईत वेगळीच होती. पुस्तकातला पेशंट पुस्तकी बोलतो. नागपूरचा पेशंट येतो आणि म्हणतो, कसंतरीच वाटून राहिलं. एक दिवस मॅडमनी फळ्यावर लिहिलं : 'माझा जीव घाबरा होते.' आणि विचारलं, "काय टाइप कराल?"

"छातीत धडधड," फार्मसीवाली म्हणाली.

"धाप लागणे," मागून कोणीतरी.

"टेन्शन," अजून कोणीतरी.

"गॅस," मी म्हणाले. आमच्या घरी तरी तो गॅसच असतो.

मॅडमनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "वा. एका वाक्यावर चार डॉक्टर तयार झाले. लिहिणारा कोणी उरला का?" मग त्यांनी सांगितलं की माणूस जे म्हणाला ते त्याच्याच शब्दांत अवतरण चिन्हात लिहायचं आणि गप्प बसायचं. घाबरा म्हणजे काय, हे डॉक्टर विचारतील. "आपण कान आहोत. कानानं डोकं चालवायचं नाही."

मी घरी सराव करायला लागले. मुलाचं पोट दुखलं की मनात टिपण तयार : दुखणं सोमवारी सकाळी सुरू होते, स्कूलबस चौकातून गेली की थांबते, पराठा खाल्ल्यावर पूर्ण आराम. नवरा दुकानातून आला की घरातले सगळे शिंकायला लागतात, कारण त्यांच्या शर्टाबरोबर निम्मं कळमना घरात येतं. आमच्याकडे शिंक हे लक्षण धरत नाहीत. ती त्यांची बेल आहे.

मग मॅडमनी फर्मान काढलं. "रेकॉर्डिंगमधले पेशंट फार शहाणे असतात, एका वेळी एकच गोष्ट सांगतात. आता प्रत्येकानं घरचं माणूस आणायचं. मी डॉक्टर, ते पेशंट, तुम्ही लिहिणार. आणि आपल्या माणसाचं आपणच लिहायचं."

"मॅडम, अदलाबदल केली तर?" मी लगेच विचारलं.

"परक्याचं ऐकणं सोपं असतं," मॅडम म्हणाल्या आणि विषय संपला.

प्रत्येक पेशंटसाठी एक चिठ्ठी मिळाली होती, त्यावर खोटा आजार. माझ्या चिठ्ठीवर होतं : दोन दिवसांपासून पोटदुखी. मी ती आईंना वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतली आणि सरळ नकार दिला.

"मले पोटदुखी नाही."

"माहीत आहे, आई. नाटक करायचं आहे."

"दुखण्याचं नाटक नसते करत. खोटं दुखणं तोंडातून काढलं का ते कुठंतरी ऐकून राहते, आणि मंग पत्ता विचारत येते. माझे खरे काय कमी आहेत? खरे सांगतो."

मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "खरे तर खरे. आणा."

आई मोरपंखी रंगाची, फक्त लग्नाकार्याला निघणारी साडी नेसल्या. कापडी पिशवीत गुडघ्याचा एक्स-रे घेतला. कोणी मागितला नव्हता. पण रिकाम्या हातानं कोणाकडे जाऊ नये, असं त्यांचं मत आहे. जिना चढताना दोनदा थांबल्या आणि वर पोचल्यावर आधी साऱ्या वर्गावर नजर फिरवली, स्टेजवर आलेला पाहुणा फिरवतो तशी.

मॅडमसमोरच्या खुर्चीवर त्या बसल्या. मी बाजूला, लॅपटॉपवर बोटं ठेवून.

"बोला, काय त्रास आहे?" मॅडमनी विचारलं.

आईंनी एक लांब उसासा सोडला. "कुठून सांगू?"

"सुरुवातीपासून सांगा."

आमच्या घरात आईंना कोणीही, कधीही, सुरुवातीपासून सांगा असं म्हणत नाही.

"तर," आई खुर्चीत नीट सरकून बसल्या, "माझं मायेर भिवापूरचं."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी हनुवटीला हात लावला आणि ऐकत राहिल्या. आईंनी भिवापूरचं अंगण सांगितलं, अंगणभर पसरलेली लाल मिरची सांगितली, तिचे देठ खुडायला सकाळपासून उकिडवं बसणाऱ्या बाया सांगितल्या, त्यात आपण सगळ्यात तेज होतो हेही सांगितलं. लग्न झालं तर सासरही मिरचीचंच मिळालं. "तिथीही उकिडवं, इथीही उकिडवं. फक्त मिरची बदलली."

"म्हणजे गुडघ्यावर भार पुष्कळ वर्षं पडला," मॅडम म्हणाल्या.

मी चमकून पाहिलं. भिवापूरपासून सुरू झालेली गोष्ट गुडघ्यापर्यंत पोचते, हे मला ठाऊकच नव्हतं. मी नेहमी अंगणातच उठून जायची.

"आता घरी कोण कोण आहे?"

"लेक आहे, नातू आहे, सून आहे. सून चांगली आहे." आई थांबल्या. "पण."

सगळा वर्ग पुढे झुकला. माझी बोटं कीबोर्डवर तशीच.

"पण चहात साखर टाकत नाही. म्हणते, आई, तुमची शुगर बॉर्डरवर आहे. आता बॉर्डरवर आहे ना? आत तर नाही आली! आणि मोबाइल पाहत पाहत मले हो हो म्हणते. मी एक दिवस म्हटलं, घराले आग लागली, तर म्हणते, हो आई."

हे खोटं होतं. म्हणजे आगीचं खोटं होतं. माझ्या जिभेच्या टोकावर उत्तर आलं, दातांपर्यंत आलं. मी ओठ घट्ट मिटले आणि टाइप केलं : रुग्णाच्या सांगण्यानुसार सून चहात साखर घालत नाही. आयुष्यात इतकं कठीण वाक्य मी परीक्षेतही लिहिलं नव्हतं.

मग मॅडमनी भराभर विचारलं. ताप? नाही. भूक? चांगली. दम लागतो? "जिना चढला का लागते. मंग मी उभी राहतो आणि कोणाच्या घरी काय शिजून राहिलं त्याचा वास घेतो." गोळ्या कोणत्या, कशा घेता? आईंनी बीपीची सांगितली, कॅल्शियमची सांगितली. मी टाइप करत गेले.

संपल्यावर माझं टिपण मोठ्या पडद्यावर आलं. मॅडमचा नियम होता की पेशंटला त्याचं काय लिहिलं गेलं ते कळलं पाहिजे, म्हणून त्या एकेक ओळ मराठीत करून सांगत.

"रुग्ण उजव्या गुडघ्याच्या दुखण्याची तक्रार करते."

"मी तक्रार नाही केली," आई म्हणाल्या. "तुम्ही विचारलं म्हणून सांगितलं."

"असं लिहायची पद्धत आहे, आजी. पुढे. रुग्ण ताप नाकारते."

"नाकारते?" आई ताठ झाल्या. "चोर नाकारते! पोलिसानं पकडलं का चोर म्हणते, मी नाही केलं. मले ताप नाही म्हणजे नाही. मी काहून नाकारू?"

"इंग्रजीत तसंच म्हणतात."

"मंग इंग्रजीले सांगा, भल्या घरच्या बाईशी असं नसते बोलत."

पुढची ओळ साखरेची होती. वर्ग असा हसला की खालून कोणीतरी काय झालं म्हणून पाहायला आलं. आई मात्र समाधानानं मान हलवत होत्या. "हे बराबर लिहिलं पोरीनं."

तेवढ्यात माझ्या शेजारच्या त्या तिखट कानाच्या मुलीनं हात वर केला. "मॅडम, काकूंनी बीपीची गोळी रोज लिहिली. आजी एक दिवसाआड म्हणाल्या."

"नाही, रोजच," मी म्हणाले. "रोज सकाळी मी स्वतः वाटीत काढून ठेवते."

लिहिणाऱ्यानं बोलायचं नाही, हा नियम मी मोडला होता, पण मॅडमनी तो सोडून दिला. "तुम्ही काय काढून ठेवता ते कळलं. त्या काय म्हणाल्या?"

मी आईंकडे पाहिलं. आई पंख्याकडे पाहत होत्या.

"हाव, एक दिवसाआड," त्या पंख्यालाच म्हणाल्या. "रोज घेतली का आंगाले सवय लागते."

"आणि मधल्या दिवसाची गोळी?" मॅडमनी अगदी हळू आवाजात विचारलं. त्यांना हळू आवाज आहे, हे वर्गाला त्या दिवशी कळलं.

"गोडलिंबाच्या कुंडीत."

आमच्या गॅलरीतल्या गोडलिंबाकडे, म्हणजे कढीपत्त्याकडे, पाहून शेजारणी काय खत घालता म्हणून विचारायच्या. मी शेणखत सांगायची, वर थोडी मिरवायचीही. त्याचीच पानं रोज फोडणीत पडत होती. म्हणजे मी, नवरा, मुलगा, आल्या-गेल्या पाहुण्यांसकट सगळेच आईंच्या अर्ध्या गोळ्यांवर होतो की काय, असं माझ्या मनात आलं, आणि नेमकं तेच मॅडमच्याही मनात आलं असावं. कारण त्यांनी चष्मा काढला आणि त्या पदरानं डोळे पुसत बसल्या.

हसून झाल्यावर त्या मला म्हणाल्या, "तुम्ही ऐकलं नाही. तुम्हाला आधीच माहीत होतं, ते टाइप केलं."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून बीपीचं मशीन काढलं आणि आईंचा दंड खरोखरच आवळला. आकडा पाहून त्यांचा चेहरा डॉक्टरचा झाला. तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा, म्हणाल्या. "आणि आजी, गोळी रोज. मी पण घेते."

"तुम्ही? डॉक्टर असून?"

"रोज. कित्येक वर्षं झाली."

"आणि सवय लागली?"

"लागली ना. जगायची."

आईंना हे पटलं. आतापर्यंत कोणी त्यांना नसा, हृदय, मेंदू असं काय काय समजावलं होतं; पण स्वतः घेणारी डॉक्टर त्यांनी पहिल्यांदा पाहिली होती.

घरी येताना स्कूटीवर त्या माझ्या मागे एक्स-रेची पिशवी धरून बसल्या होत्या. सिग्नलला थांबलो तेव्हा मी विचारलं, "आई, मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं कधी?"

"रोज विचारते! आई, गोळी घेतली ना?"

"'घेतली ना' म्हटलं का माणूस हो म्हणते. तुले हो पायजे राहते, मी देतो. त्या बाईनं विचारलं, कशी घेता. मंग सांगितलं, कशी घेतो ते."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. मी गाडी काढली. घराजवळ आल्यावर म्हटलं, "पण साखरेचं साऱ्या वर्गाला सांगायची काय गरज होती?"

"वर्गाले काय, ते तर मी साऱ्या बिल्डिंगले सांगतो."

त्या आठवड्यात आमच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. आई ती आता माझ्यासमोर घेतात आणि नंतर जीभ बाहेर काढून दाखवतात, शाळेतल्या पोरासारखी. गोडलिंबाला काहीही फरक पडला नाही. त्याला सवय लागली नव्हती.

खरा फरक आईंनाच पडला. पुढच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. मला वाटलं, माझं काही राहिलं असेल. "आजींना परत पाठवता का?" त्यांनी विचारलं. "इतर पेशंट दोन मिनिटांत संपतात हो." त्यानंतर माझी बॅच संपली, दुसरी आली, तरी आई जातातच आहेत. भिवापूर त्या दर वेळी वेगळ्या ठिकाणापासून सुरू करतात, म्हणजे पोरं पाठ करू शकत नाहीत. तिथं त्यांना चहा मिळतो. साखर किती असते ते त्या सांगत नाहीत आणि मी, आता शहाणी झाल्यामुळे, 'बिनसाखरेचा घेता ना?' असं विचारत नाही. 'चहा कसा असतो?' विचारते. "गरम," त्या म्हणतात.

मध्यंतरी समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंना पण पेशंट व्हायचं होतं. आईंनी त्यांची आधी आपल्या हॉलमध्ये तालीम घेतली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "पहिलेच दुखणं नाही सांगाचं वं. पहिले श्वास सोडाचा. डॉक्टरनं पेन खाली ठेवला पायजे."

शेवटच्या परीक्षेत मी पास झाले. पहिली वगैरे आले नाही; पहिली ती कानवाली आली आणि ते योग्यच होतं. मला शहरातल्याच एका फिजिशियनकडे सकाळच्या वेळेचं काम मिळालं. नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांनी चक्क फोन बाजूला ठेवला आणि विचारलं, "कोर्स? कोणता कोर्स?"

पहिल्या दिवशी पहिलेच पेशंट म्हणून एक वयस्कर जोडपं आलं. डॉक्टर अंगानं भारदस्त आणि बोलायला एकदम कमी. त्यांनी म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं, "काय होतंय?"

"मले काहीच नाही होऊन राहिलं," ते म्हणाले. "हिले वाटते का मले होऊन राहिलं."

"उठताना भिंत धरते," बाई म्हणाल्या. "रोज धरते. मी पाहतो."

"भिंत माझ्या घरची आहे. धरीन."

"काल पाणी घ्यायले उठले तर पाणीही सांडलं आणि हेही."

"मी नाही सांडलो. मी बसलो."

डॉक्टर एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहत राहिले. इकडे माझी पंचाईत झाली. टिपणाची पहिलीच ओळ असते : रुग्णाची मुख्य तक्रार. रुग्ण तर तक्रार नाही म्हणतोय, आणि जी करतेय ती रुग्ण नाही. आपण अंदाज करायचा नाही, डोकं चालवायचं नाही, जे कानावर आलं तेच लिहायचं. मी लिहिलं :

'रुग्णाची तक्रार : काही नाही. पत्नीची तक्रार : रुग्ण.'

डॉक्टरांनी त्या गृहस्थांना झोपवून आणि उभं करून दोनदा बीपी पाहिलं, बीपीची एक गोळी कमी केली, उठताना आधी काठावर बसायला सांगितलं. बाई जाताना मला नमस्कार करून गेल्या. मी काहीच केलं नव्हतं.

दुपारी पेशंट संपल्यावर डॉक्टर सकाळची टिपणं वाचायला बसले. मी समोर उभी. त्या ओळीपाशी ते थांबले. एकदा वाचली, परत वाचली. त्यांचं पोट आधी हललं, हसू नंतर आलं.

"यात एकही शब्द खोटा नाही," ते म्हणाले. "पण फाइलमध्ये एवढं खरं चालत नाही. बदला."

मी बदललं. 'उठताना तोल जातो, पत्नीने सांगितले,' असं केलं. बदलताना जरा जिवावर आलं.